अध्यक्षकाकांना उतरवलं तेव्हा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, ही बाई फाडफाड बोलते, म्हणजे हिला कसली आलीय भीती! डोंबल. मी बोलते ती भीतीनंच. गप्प बसले की भीती आणखी वाढते, म्हणून तोंड चालू ठेवते. आणि त्या हिवाळ्यात तर मी इतकी घाबरलेली होते, की घरातल्या मांजराशीसुद्धा भांडत होते.

रेवदंड्याच्या खाडीलगत आमचं गाव. वस्ती सगळी मच्छीमारांची. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, पण ते रस्ते आणि नळापुरते. लग्न, मयत, भांडणतंटा, हे सगळं गावकीकडे. गावकीत घरटी एक जण बसतो आणि सगळ्यांच्या वर एक अध्यक्ष. त्याची निवड होळीच्या होळीला व्हायची, म्हणजे नावाला व्हायची. कित्येक वर्षं एकच माणूस निवडला जात होता. देवळावरच्या भोंग्याची चावी त्याच्याकडे. भोंग्यावरून त्याची हाक आल्याशिवाय गावात सभा होत नाही. आणि हाक आल्याशिवाय मयताच्या दारात पुरुष माणूस पाय ठेवत नाही. लहानपणापासून हे असंच बघत आल्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हा अध्यक्ष म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत, बाबांचे होडीवरचे जोडीदार. दोघांनी एका होडीवर अख्खी जवानी काढली. बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून दर रविवारी काका घरी येऊन त्यांची दाढी करायचे. मी एकुलती एक. लग्न झालं, मोडलं, परत आले, अलिबागला एका वकिलांकडे टायपिंग करते. बाबांच्या जागी गावकीत मला बसू दिलं तेही काकांनीच. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, बाईमाणूस सभेत कशाला? तर काका म्हणाले, "तिच्या घरात दुसरं हाय कोण? बसू दे तिला." हे मी विसरले नव्हते. म्हणून तर सगळं अवघड होऊन बसलं.

आता काकांनी काय केलं ते सांगते. किनाऱ्यावर आमच्या वलांड्या आहेत, म्हणजे बोंबील सुकत घालायचे बांबूचे मांडव. जागा गावकीची, पिढ्यान् पिढ्या. तिच्या मागं एका मुंबईवाल्याचा बंगला झाला. त्याला गाड्या लावायला जागा हवी होती, आणि वास नको होता. काकांनी परस्पर त्याला शब्द देऊन टाकला. कुणाला विचारलं? कुणाला नाही. विचारायला गेलं तर म्हणाले, "मी अध्यक्ष हाय न्हवं?" झालं. एके दिवशी कुंपणाच्या भिंतीसाठी जांभ्याचे चिरे येऊन पडले, आणि माझ्या शेजारच्या मावशीच्या वलांड्या उपटून बाजूला रचून ठेवल्या गेल्या. मावशी विधवा, घरात एकटी, सुक्या बोंबलावर तिचं घर चालायचं. ती त्या बांबूंच्या ढिगावर जाऊन बसली आणि दिवसभर उठली नाही.

गावात धुसफूस सुरू झाली. पुढारी म्हणजे माझा चुलतभाऊ, आमचा दादा. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी बैठका बसायला लागल्या. दादा मांडीवर थापा मारत म्हणायचा, "उतरवायचाच त्याला. आत्ताच्या आत्ता." लगेच दुसरं कुणी म्हणायचं, "होळी आलीच की. तवा बदलू. बसलेल्या अध्यक्षाला मदीच उठवायचा म्हंजे गावाचं हसं." तिसऱ्याचं म्हणणं, होळीपर्यंत भिंत उभी राहील, मग बदलून काय लोणचं घालायचंय? आणि सगळ्यांच्या मनातलं, पण कुणी मोठ्यानं न बोललेलं ते हे, की उतरवायला गेलो आणि तो उतरला नाही, तर? मग तो कुणाकुणाला वाळीत टाकील?

ह्या शब्दाची मला सगळ्यात जास्त धास्ती. खाडीपलीकडच्या एका गावात वाळीत टाकलेल्या घरातली म्हातारी गेली, तेव्हा गावातला एक माणूस आला नाही. लेकानं तिला टेम्पोत घालून नेलं, ताडपत्रीखाली. ही गोष्ट बाबांच्या कानावर आली त्या दिवसापासून त्यांनी एकच घोशा लावला होता. जीभ जड झाली होती, शब्द अर्धे तुटायचे, पण हे ते नीट बोलायचे. "मला चौगांच्या खांद्यावरनं ने. टेम्पोत नको." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. म्हणजे बघा, बाबांचं जाणं दारात येऊन उभं, आणि ज्याच्या हाकेवर खांदा द्यायला माणसं येणार, त्याच्याच विरुद्ध मला हात वर करायचा.

त्यात आमची अक्कल बघा. दादा म्हणाला, "सभा लावायची तर हाक पायजे. हाक काका देणार. तवा काकांना सांगावं लागंल, की बाबा, तुला काढायची सभा बोलाव." कुणी हसलं नाही. खरंच कुणाला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही, मलासुद्धा नाही. सांगायला कोण जाणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "तुझ्यावर जीव हाय त्यांचा," दादा म्हणाला. मेला.

रविवारी काका आले. बाबांना उशीला टेकवून बसवलं, गळ्याभोवती पंचा गुंडाळला, फेस लावला. मी दाराला धरून उभी होते.

"काका, एक सभा बोलवायची होती."

"कसली?"

"वलांड्यांच्या जागेची."

"आन्?"

"आणि तुम्हाला अध्यक्ष ठेवायचं की नाही त्याची."

वस्तरा बाबांच्या गळ्याशी होता, घाटीच्या जरा बाजूला. तो तिथंच थांबला. बाबांनी चांगल्या हातानं चादर मुठीत धरली. मला बाकी काही दिसेना, फक्त ते पातं आणि त्याखाली उडणारी शीर.

"म्हंजे," काका सावकाश म्हणाले, "माजी खुर्ची काढायची सभा, आन् हाक मीच द्यायची?"

"चावी तुमच्याकडे आहे ना."

ते हसायला लागले. अंग गदगदायला लागलं, हातसुद्धा. मी किंचाळले, "काका, आधी वस्तरा बाजूला घ्या!"

त्यांचं हसू मावळलं. माझ्याकडे असे बघत राहिले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "येडी हायस का? तुझ्या बापाला मी कापीन?" मग त्यांनी उरलेली दाढी केली, नेहमीपेक्षा हळू, तुरटी फिरवली, पंच्यानं कानामागचा फेसही पुसला. जाताना उंबऱ्यात थांबले. "बोलावतो सभा. पन हात वर करायचा त माझ्या तोंडावर करायचा, बाय. आन् मी ऱ्हायलो, त मग तुमचं तुम्ही बघा."

ते गेल्यावर मी बाबांच्या पायाशी बसले. म्हटलं, बाबा, काय करू? तुमचा जोडीदार आहे तो. बाबांनी तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कर हात वर. पन आदी माजा जीव जाऊ दे."

मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वकीलसाहेबांच्या कानावर घातलं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुठल्याशा परदेशाची संसद दाखवत होते. तिथंही चालू राष्ट्राध्यक्षाला काढावं की मुदत संपू द्यावी, यावर हातघाई चालली होती. एक कोटवाला म्हणत होता थांबा, लोक बघून घेतील. दुसरा म्हणत होता, तोवर हा सगळं विकून खाईल. मला वाटलं, आमचा ओटाच कुणी टीव्हीत नेऊन बसवलाय. साहेब म्हणाले, "काढता येईल हो. पण काढून पुढं काय, ते ठरलंय का तुमचं?" मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, "घाबरू नका, वाळीत टाकणं गुन्हा आहे. कायदा आहे. तक्रार केलीत तर पोलीस येतील." मी म्हटलं, "येतील. खांदा देतील का?" साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि टाइप करायचे कागद माझ्याकडे सरकवले.

दोन दिवसांनी भोंगा वाजला. काकांनी सभा लावली होती अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. मी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे डोलीची मासेमारी, समुद्रात खुंटाला जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं मासळी त्यात शिरायची. ओढ असते ती उधाणाला, अमावास्या-पुनवेला. मधल्या दिवसांत पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला, आणि सभा काय, लग्नं काय, सगळं भांगाला. होळीची पुनव तेवढी वेगळी, तेव्हा होड्या सजवून किनाऱ्यालाच असतात. पण एरवी उधाणाला सभा? कुणी ऐकली नव्हती. गडी सगळे दर्यावर जाणार आणि सभेत उरणार काकांचे म्हातारे.

मी तरातरा दादाकडे गेले. तो होडीत जाळं भरत होता. "एवढं एक उधाण सोड," मी म्हटलं.

"सोडून खायचं काय? तू हाईस न्हवं? तू बोल."

"वा रे वा! थापा मारायला तुझी मांडी आणि मरायला मी?"

तो खाली मान घालून जाळं भरत राहिला. तोही घाबरला होता. सगळेच घाबरले होते, फक्त पुरुषांना घाबरून जायला दर्या होता.

सभेच्या सकाळी बाबांना पेज भरवली, अंगावर पांघरूण घातलं आणि निघाले. समाजमंदिरात पुढच्या खुर्च्यांवर म्हातारे, टेबलामागं काका. स्वतःला काढायच्या सभेचे अध्यक्ष तेच. मी मागच्या भिंतीशी बसले. मग मावशी आली आणि माझ्या शेजारी टेकली. मग दादाची बायको आली. मग आणखी एक, मग दोघी, मग दारात घोळकाच. पदर खोचलेले, हाताला मासळीचा वास, कुणाच्या कडेवर पोर.

एक म्हातारा ओरडला, "बायका कशाला आल्या?"

"धनी दर्यावर हायत," दादाची बायको म्हणाली. "घरटी एक पायजे ना? मी आले."

"आसं कधी झालंय?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिला बसवलीत तवा झालं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आलेलं मला दिसलं. बोंबील धरतात पुरुष, पण वलांड्यांवर घालतात बायका. जागा बायकांची गेली होती, आणि त्यांनी उधाण साधून नेमक्या बायका सभेला बसवल्या होत्या. आयुष्यभर समुद्रावर राहिलेल्या माणसाकडून ही चूक झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला धास्तीच बसली, कारण आता हे खरंच घडणार होतं.

काका उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, होळीला काढा, मी न्हाय म्हनत न्हाय. मदीच काढलंत त गावात दोन तट पडतील, आन् ते तुमच्या नातवांपर्यंत मिटायचे न्हाईत. वादळात होड्या अडकल्या तवा भोंग्यावर घसा फुटस्तोवर कोण हाका मारत व्हता? एका गोष्टीपायी सगळं पुसायचं? हे सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. मला वाटलं, बसावं गप्प, जावं घरी, बाबांचं काय व्हायचं ते नीट होऊ द्यावं.

पण मावशीचा हात माझ्या हातात होता. मी उठले. "काका, हात कुणीच वर करत नाही. तुम्ही फक्त दिलेला शब्द परत घ्या."

"दिलेला शब्द मी फिरवत न्हाय."

"शब्द तुमचा होता. जागा तुमची नव्हती."

"मग कर हात वर," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर टेम्पो आला, ताडपत्री आली, तिच्यातून बाहेर आलेले बाबांचे पाय आले. हात वर केला. मग मागं बांगड्या मनगटावरून कोपराकडे घरंगळल्याचा आवाज आला, एका हाताचा, मग बऱ्याच हातांचा. डोळे उघडले तर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचाही हात वर होता.

काकांनी खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. ती चावी कुणी उचलली नाही.

दुपारी होड्या आल्या आणि गावात मयत झाल्यासारखी शांतता पसरली. आपल्या बायकांनी काय करून ठेवलंय हे कळल्यावर गडी पांढरे पडले. दादा तर मलाच म्हणाला, "मी जरा दम देऊ म्हनत व्हतो. उतरवायचा कुठं म्हनलो?" माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही हे त्याचं नशीब. मग अध्यक्ष कोण? दादा नको म्हणाला. दुसरा नको म्हणाला. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. चिरे तसेच पडून राहिले, भिंत काही उठली नाही, मावशीनं तिच्या वलांड्या पुन्हा रोवल्या. एवढं झालं खरं. पण रविवारी काका आले नाहीत. बाबा दरवाजाकडे बघत राहिले. मी वस्तरा हातात घेतला तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आणि बाबा गेले. भांगाचे दिवस होते, सकाळची वेळ. सगळ्या होड्या किनाऱ्याला, सगळे गडी घरी. बायका आल्या, माझ्याभोवती बसल्या. पुरुष आले नाहीत. भोंगा वाजलाच नव्हता ना! चावी टेबलावर, आणि ती उचलून हाक द्यायचा अधिकार कुणाला, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. दाराच्या फटीतून मला दिसत होतं: प्रत्येक ओट्यावर पुरुष उभे, देवळाच्या भोंग्याकडे बघत. मी दादाला निरोप धाडला. त्याची बायको खाली मान घालून परत आली. "ते म्हनतात, हाकेबिगर कसा येऊ? उद्या काका परत बसले त?"

उन्हं वर चढली. बाबांच्या तोंडावर माश्या बसायला लागल्या, मावशी पदरानं वारत होती. बाबांनी जन्मात मागितलेली एकच गोष्ट, आणि ती मी माझ्या हातानं घालवली होती. मी फोन काढला आणि रेवदंड्याच्या टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागले. दोनदा भलतंच नाव लागलं.

तेवढ्यात बायका बाजूला सरकल्या. काका आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. बाबांच्या उशाशी बसले, त्यांच्या वाढलेल्या दाढीवरून तळवा फिरवला. मग उठून बाहेर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भोंगा नाही, काही नाही, नुसत्या घशानं ओरडले, "काय बगताय रे? या!"

आणि आले. सगळे आले. ओट्यांवरून उड्या मारत, चपला विसरून, दादा तर रडत आला. बांबू आले, मडकं आलं, फुलं आली. पुढचा खांदा काकांनी घेतला. माझे बाबा चौघांच्या खांद्यांवरून गेले आणि मी उंबऱ्यात उभी राहून ढसाढसा रडले. त्यातलं अर्धं रडू सुटकेचं होतं. उरलेलं कसलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आम्ही इतकं जिवावर उदार होऊन ज्यांना उतरवलं, त्यांच्या एका हाकेवर अख्खं गाव उठलं होतं. मग आम्ही उतरवलं ते काय, असं माझ्या मनात आलं, आणि मी दार लावून घेतलं.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी काका आले. मी चहा टाकला. ते बाबांच्या रिकाम्या खाटेसमोर बसले.

"होळीला मी परत उभा ऱ्हानार," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"दिलेला शब्दपन पुरा करनार."

होळीला होड्या किनाऱ्याला असणार, सभेत पुरुष बसणार, बायकांमधल्या मी आणि, घरात पुरुष नाही म्हणून, मावशी, अशा दोघीच. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"मग मी परत हात वर करीन, काका."

"कर," ते म्हणाले. बशीतला चहा संपवला. घरभर नजर फिरवली, स्वयंपाकघरात, माळ्यावर, माझ्या एकटीच्या अंथरुणावर. मला वाटलं, आता धमकी येणार, आणि मी उत्तर जुळवायला लागले. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुझ्या येळंला कोन गं येईल, बाय? तवर मी ऱ्हानार न्हाय. न्हाईत मीच आलो असतो."